वाट मोकळी ठेवून

छपरीत एक बोरा अंथरा. कार्तिकातली दुपार आहे, जेवणं झाली आहेत, पारशिवनीच्या बसस्टँडकडचा गलका जरा उतरला आहे. बोऱ्याच्या मधोमध बसू नका, एका कडेला बसा, म्हणजे उरलेला बोरा कुणासाठी तरी ठेवला आहे हे दिसेल. पाठ भिंतीला टेकवा. समोरचं दार उघडं असू द्या, आतलंही. बारीक दातांची फणी आणली असेल तर ती हातात धरून बसू नका. बोऱ्यावर ठेवा, दिसेल अशी, पण हातभर लांब.

मांजरीला हाक मारू नका. ती कोठीमागं आहे की खाटेखाली, हे तुम्हाला साधारण ठाऊक आहे. तुम्ही कुठं आहात हे तिला फार नीट ठाऊक आहे.

आज काम एकच. तिच्या पुढच्या उजव्या काखेत केसांची एक गाठ झाली आहे, ती थोडी सैल करायची. थोडीच. ती आज सुटणार नाही असं धरून चालू. हे मनाला आधीच सांगा आणि मन कुरकुर करतं का ते पाहा. करेल. दुपारच्या वेळात घरातली दहा कामं पडलेली असतात, आणि एका मांजरीच्या काखेसाठी चार-पाच दिवस द्यायचे म्हणजे काय, असं ते विचारेल. विचारू द्या. उत्तर देऊ नका. श्वास आत घ्या, त्याहून लांब बाहेर सोडा. खांदे कानांपाशी गेले असतील, ते खाली येऊ द्या. असं पाच-सहा वेळा.

आता हात नाकाशी न्या.

काय वास येतो? फोडणीचा, कांद्याचा, भांड्यांच्या साबणाचा. सकाळी फरशी पुसली असेल तर फिनाईलचा. आपल्याला हे वास दुपारपर्यंत जाणवेनासे होतात. तिला तुमचा हात पोहोचण्याआधी तुमची सकाळ पोहोचते. उठा, साध्या पाण्यानं हात धुवा, पुसा, पुन्हा बसा.

आणि हात धुता धुता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण ती जिवाशी आहे. मांजर अंगावरचं सगळं चाटतं, म्हणजे अंगाला लागलेलं सगळं तिच्या पोटात जातं. फिनाईलसारख्या द्रव्यांचा निचरा करण्याची आपल्या यकृतात असलेली सोय मांजरीच्या यकृतात फार तोकडी आहे. म्हणून ओल्या फिनाईलवर चालून पंजे चाटले तरी तिला बाधतं. कापूर, टी ट्री तेल, कुठलंही उग्र तेल तिच्या केसांना लावू नका. आणि कुत्र्याच्या गोचिडांवरची परमेथ्रिन असलेली पावडर किंवा थेंब मांजरीवर कधीही वापरू नका. कुत्र्याला जे चालतं त्यानं मांजर आकडी येऊन मरतं. दुकानदार ‘चालते’ म्हणाला तरी नाही.

बसलात? मग आता काही करू नका.

हा काळ लांब वाटेल. त्यात ऐका. रस्त्यावरून एक फटफटी गेली. वरचा पंखा किरकिरतो आहे. माणसाला वीस हजार हर्ट्झच्या पलीकडचं ऐकू येत नाही, मांजरीला साठ हजारांच्या पुढचंही येतं. आपल्याला शांत वाटणारं घर तिच्यासाठी शांत असेलच असं नाही. मिक्सर, कुलर, दिवाळीचे उरलेले फटाके घेऊन गल्लीत हिंडणारी पोरं, यातलं काही चालू असेल तर आजचं काम उद्यावर टाका. नवतप्यात दिवसभर कुलरसमोर बसून तिला विंचरायला जाल तर त्या घरघरीची भीती ती फणीच्या खात्यावर लिहील.

आमच्याकडची भुरी एका पावसाळ्यात आली. अंगानं मोठी, केस गावच्या मांजरांपेक्षा लांब, शेपटी झुपकेदार. कुणा लांबकेसी बोक्याचा अंश असावा. कुठून आली, तिच्याशी कोण कसं वागलं, ते तिलाच माहीत. हात वर गेला की ती जमिनीला चिकटायची. हात मारण्यासाठी वर गेला की पंख्याचं बटण दाबण्यासाठी, यात तिला फरक नव्हता. घरी येणारे तिला चावरी म्हणत, माजलेली म्हणत. मला ते शब्द तेव्हाही खटकत आणि आजही खटकतात. माजलेलं जनावर पळून जात नाही. जे नख काढतं, फिस्कारतं, कान मागं पाडून कोपऱ्यात बसतं, ते भ्यालेलं असतं, नाहीतर त्याला कुठंतरी दुखत असतं. म्हाताऱ्या मांजरीचे सांधे दुखतात, मग तिला पाठीकडं वळून चाटता येत नाही, आणि नेमक्या तिथंच गाठी होतात. विंचरायला गेलो की आपण नेमक्या दुखऱ्या जागेला हात घालतो. कालपर्यंत लाडानं विंचरून घेणारी मांजर आज अचानक गुरगुरत असेल तर फणी ठेवून द्या आणि जनावरांच्या डॉक्टरला दाखवा.

तर, शब्द बदलून पाहा. डोळे मिटा आणि तुमच्या मांजरीला मनात जे नाव चिकटलं आहे, हट्टी, रागीट, खुनशी, ते काढून तिथं ‘भ्यालेली’ ठेवा. काय हलतं ते पाहा. बहुतेक पहिल्यांदा हाताची बोटं सैल होतात.

डोळे उघडा. ती आली असेल. दारात, उंबऱ्यापाशी, अर्धी आत अर्धी बाहेर.

तिच्याकडं रोखून पाहू नका. नजर तिच्या जरा बाजूला, पंजांपाशी ठेवा. मग पापण्या हळू अर्ध्यावर आणा, क्षणभर ठेवा, मिटा, उघडा. पुन्हा. इंग्लंडच्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलं: असे संथ डोळे मिटणाऱ्या माणसाकडं पाहून मांजरंही डोळे बारीक करतात, आणि अनोळखी माणसानं असं केलं तरी त्याच्या पुढं केलेल्या हाताकडं यायला अधिक तयार होतात. आपल्याकडच्या कित्येक घरांतल्या बायांना हे न सांगता येत होतं. तांदूळ निवडता निवडता मांजरीकडं अर्धं पाहायचं, अर्धं नाही.

तिनं डोळे बारीक केले? नाही केले? दोन्ही चालेल.

इथं थोडं थांबू. पारशिवनी तालुक्याच्या उत्तरेला पेंचचं जंगल आहे. १९९९ पासून ते व्याघ्र प्रकल्प आहे. कोलितमाऱ्याकडच्या गावांत वाघ ही ऐकीव गोष्ट नाही. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या माणसाला वाघ दिसला तर काय करायचं ते ठाऊक असतं. पळायचं नाही. पाठ दाखवायची नाही. त्याच्या आणि झाडीच्या मधे उभं राहायचं नाही. हळूहळू मागं सरायचं आणि त्याची वाट त्याला मोकळी करून द्यायची. हे शहाणपण इथल्या माणसांच्या अंगात आहे. आणि त्याच वाघाच्या मावशीला आपण काय करतो? दार लावतो, खिडकी लावतो, कोपऱ्यात घेरतो, एक जण पुढचे पाय धरतो, एक मागचे, आणि म्हणतो, दोन मिनिटांचं काम आहे.

वाघाला वाट आपण भीतीपोटी देतो. मांजरीला द्यायची तर ती भीतीशिवाय द्यावी लागते, म्हणून अवघड जाते.

पाहा, दोन्ही दारं उघडी आहेत ना? तिचं तोंड दाराकडं असू द्या, तुम्ही तिच्या मागं किंवा बाजूला. तुमचा हात तिच्या आणि दाराच्या मधे यायला नको. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या २०२१ मधल्या अभ्यासातही हेच दिसलं: कुरवाळायचं की नाही हे मांजराला ठरवू दिलं, त्याच्या हालचालींकडं लक्ष दिलं आणि हात मोजक्याच जागी लावला, तर ते कमी ओरबाडतं आणि जास्त जवळ येतं.

आता हात. उचलू नका, बोऱ्यावरूनच पुढं सरकवा, तळवा खाली, एक बोट जरा पुढं. नाकाच्या उंचीला. थांबा. ती हुंगेल. हुंगून निघून गेली तर आजची बैठक संपली, आणि ती चांगली झाली. गाल घासला तर त्याच जागी, गालावर, एक-दोन-तीन मोजेपर्यंत खाजवा आणि हात काढून घ्या. तीन झाले की काढायचाच. ती डोकं पुन्हा पुढं करते का ते पाहा. केलं तर पुन्हा तीन.

ही तीनची मोजणी या सगळ्या मननाचा कणा आहे. आपण सुरुवात करायला शिकतो, थांबायला शिकत नाही. हात काढून घेतला की तिला कळतं, हा हात निघतो. निघणाऱ्या हाताला भ्यायचं कारण नाही.

गाल, हनुवटीखाली, कान आणि डोळा यांच्या मधली केसांची विरळ जागा, एवढं बहुतेक मांजरांना आवडतं. तिथं गंधग्रंथी असतात, म्हणजे घासताना ती तुम्हाला आपल्या वासात घेते. पोट नको. शेपटीचं मूळ नको. आणि पाठीवर कातडी लाटेसारखी थरथरली, शेपटीचं टोक आपटू लागलं, कान बाजूला वळले, चाटणं मधेच थांबून मान झटक्यानं तुमच्या हाताकडं वळली, की हात आधी काढा, विचार मग करा. फिस्कारणं ही पहिली सूचना नसते. ती पाचवी-सहावी असते. आधीच्या चुकल्या म्हणून ती द्यावी लागते.

फणीकडं वळण्याआधी तिची स्वतःची फणी आठवू. मांजरीची जीभ हाताला लागली असेल तर तो खरखरीतपणा तुम्हाला माहीत आहे. त्या जिभेवर घशाकडं वळलेले बारीक काटे असतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ मध्ये दाखवलं की या काट्यांची टोकं पन्हाळीसारखी पोकळ असतात. तोंडातली लाळ त्यात भरते आणि केसांच्या मुळापर्यंत पोहोचते. त्यांनी घरच्या मांजरापासून सिंह-वाघापर्यंत सहा जातींच्या जिभा पाहिल्या, सगळ्यांत तीच रचना. पेंचच्या काठी एखादी वाघीण आपलं अंग चाटत असेल तर ती हीच फणी वापरते आहे. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली: पर्शियन मांजरीचे केस इतके लांब आणि दाट असतात की काटे कातडीपर्यंत पोहोचतच नाहीत. माणसानं दिसण्यासाठी वाढवलेले केस मांजरीला स्वतः सांभाळता येत नाहीत. पंचेचाळीस अंशांच्या नागपुरी उन्हात पर्शियन पिल्लू हौसेनं घरी आणणाऱ्यानं हे आधी वाचावं. ते विंचरणं रोजचं आहे, जन्मभराचं, आणि ते आपण ओढवून घेतलेलं कर्तव्य आहे.

गावच्या आखूड केसांच्या मांजरीला आपली गरज फार नसते. आंघोळीची तर जवळजवळ नसतेच. पण पाऊस सरला की बांधावरची कुसळं पिकतात, आघाड्याचे काटेरी दाणे अंगाला चिकटतात. काखेत, कानामागं, मांडीच्या आतल्या बाजूला एखादं कुसळ बसतं, त्याभोवती केस गुंडाळतात, ती चालते तसे पिळत जातात. महिनाभरात लिंबाएवढी गाठ. तिच्या प्रत्येक पावलाला ती कातडी ओढते. जरा तुमच्या डोक्यावरचे चार केस बोटाला गुंडाळून ओढून धरा. असंच धरून ठेवा. आता या अवस्थेत चाला, झोपा, उंदरावर झेप घ्या.

सोडा.

भुरीच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली आहे, ती सांगतो. पहिल्या वर्षी मी तिला दुपट्ट्यात गुंडाळलं, घट्ट, आणि कात्री घेतली. गाठ उचलून धरली, खाली केस आहेत असं समजून कापलं. ते केस नव्हते. मांजरीची कातडी पातळ आणि सैल असते. गाठ उचलली की कातडीही तंबूसारखी तिच्याबरोबर वर येते. नखाएवढी फट पडली. ती ओरडली नाही, हेच मला अजून आठवतं. डॉक्टरनं दोन टाके घातले. पुढचे सात महिने ती मी बसलेल्या खोलीत आली नाही.

म्हणून कात्री नको. कुठल्याच गाठीला नको, कितीही हात स्थिर असला तरी नको.

शेजारच्या आजी त्या दिवसांत छपरीत येऊन बसत. मी भुरीमागं लागलेला दिसलो की म्हणत, “राहू दे न बापा तिले. उद्या दिवस निघत नाही काय?” मी तेव्हा ते ऐकलं नाही.

आता फणी घ्या. फणी तिला आधी हुंगू द्या, गाल घासू द्या. मग गाठीपासून लांब, मानेवर किंवा खांद्यावर, केसांच्या दिशेनं एकदा फिरवा. फणी खाली ठेवा. एक दाणा खाऊ, सुक्या बोंबलाचा नखाएवढा तुकडा पुरे. पुन्हा एकदा. पुन्हा खाऊ. ती गेली नसेल, अंग सैल असेल, तरच काखेकडं. डाव्या हाताच्या दोन बोटांनी गाठ आणि कातडी यांच्या मधे केस धरा, म्हणजे ओढ कातडीला न लागता तुमच्या बोटांना लागेल. चिमूटभर मक्याचं स्टार्च गाठीत चोळा. फणीच्या टोकानं गाठीच्या बाहेरच्या कडेचे चार केस मोकळे करा. बाहेरून आत यायचं, मुळाशी कधीच सुरुवात नाही. चार केस सुटले? पुरे. खाऊ द्या. हात काढा.

चारच का, असं वाटतं ना? पाहा, ते ‘अजून थोडं’ कुठून येतं. ती स्वस्थ बसली आहे, हाताला यश लागलं आहे, आणि नेमकं इथंच आपण दोन ओढण्या जास्त घेतो. तिचा विश्वास बहुतेक वेळा त्या दोन ओढण्यांतच मोडतो.

कुणीतरी सांगेल, मानगूट धर, मांजर गप्प होतं. खरं आहे, ते गप्प होतं. वैष्णव आचार्यांच्या परंपरेत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय सांगतात: माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून असतं, मांजरीच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते, पिल्लानं फक्त स्वतःला सोपवायचं. कीर्तनातून हे आपण ऐकलेलं असतं आणि त्यामुळं मानगूट धरणं आपल्याला मायेचं वाटतं. पण ते न्यायातलं पिल्लू आहे, आणि धरणारी त्याची आई. वाढलेल्या मांजरीची मानगूट धरली की तिचं सगळं वजन त्या कातडीवर येतं आणि तिला एवढंच कळतं की आता सुटका नाही. तिचं गप्प होणं हे सोपवणं नसतं. मांजरांच्या डॉक्टरांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ च्या मार्गदर्शनात मानगूट धरू नका असंच सांगितलं आहे.

नखांचंही असंच. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखं. एका दिवशी एक कापलं तरी अठरा दिवसांत होतात. फक्त पुढचं पांढरं टोक. आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी आणि वेदना दोन्ही आहेत.

गाठ कातडीला बिलगून घट्ट चटईसारखी झाली असेल, खाली ओल, वास किंवा लालपणा दिसत असेल, तर ते घरचं काम नाही. टोपलीत तिचं वापरलेलं फडकं घाला, टोपली दोन दिवस आधीच घरात उघडी ठेवा, मग तिला घेऊन जा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर गुंगीचं औषध देऊन मशीननं गाठी काढतात. गुंगी देणं म्हणजे हरणं नव्हे. तिला काही न कळता ते होऊन जातं.

आणि चावलीच, ओरबाडलंच, तर मारू नका, ओरडू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीज आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. मांजरीचा दात सुईसारखा आत जातो, वरून टिंब दिसतं.

ऊन आता उंबऱ्यावरून मागं सरलं आहे. तुमचा श्वास कुठं आहे पाहा. ती बोऱ्यावर बसली आहे का, की गेली? गेली असेल तर तिच्यामागं नजरही पाठवू नका. बसली असेल तर बसू द्या. हात तुमच्या मांडीवर, रिकामा. तिनं स्वतःचा पंजा चाटायला घेतला असेल तर ऐका, त्या काट्यांचा केसांवर बारीक आवाज येतो.

फणीतले केस काढून घ्या. चार-सहा भुरे केस, एक आघाड्याचा दाणा. फणी धुवा, उन्हात ठेवा. बोरा उचलू नका, तिचा वास त्यावर राहू द्या. गाठ अजून काखेत आहे. उद्या जेवणं झाल्यावर, याच कडेला येऊन बसा.